उचललेली चटई

माझा भाऊ एलिया पहाटे साडेचारला गावातल्या म्हाताऱ्या आपेरिलाच्या अंगणात जाऊन गुडघ्यांवर बसला, तेव्हा त्याच्या अंगावर आमच्या आजीने विणलेली तलम चटई होती आणि त्याची मुलगी घरी झोपलेली होती. निदान आम्ही सगळे तसं समजत होतो. हे दुसरं, मुलीचं, मी मुद्दाम सांगते, कारण नंतर जी लांबलचक भाषणं झाली त्यांत ते कुणीच सांगितलं नाही.

आमच्या बेटावर याला इफोगा म्हणतात. एका घराने दुसऱ्या घराचं वाईट केलं, की त्या घराच्या मताईने, म्हणजे कुळाच्या प्रमुखाने, उजाडायच्या आत जाऊन त्यांच्या दारात चटई पांघरून बसायचं. मान खाली, तोंड बंद. घरातल्यांना वाटलं तर ते दगड मारतील, नाहीतर दुपारपर्यंत उन्हात बसवून ठेवतील. मन पाघळलं तर बाहेर येऊन चटई उचलतील. एकदा चटई उचलली की विषय संपला. पुढे त्याचा उल्लेख करणं म्हणजे असभ्यपणा.

एलिया हा आमचा मताई. गाव त्याला सेउमालो या पदवीनेच हाक मारतं. एलिया म्हणणारी मी एकटी उरले आहे. मी त्याची थोरली बहीण, तेहतीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेली, नवरा गेल्यावर भावाच्या घरी येऊन राहिलेली. वायोला ही त्याची धाकटी, सोळा वर्षांची. तिची आई थोरल्या लेकीच्या बाळंतपणाला ऑकलंडला गेली ती दोन वर्षं झाली तरी तिथंच आहे. बाळ आता धावतं.

वायोलाने केलं होतं ते असं. भर दुपारी, 'बर्फ' नावाची नशेची पूड ओढून, तिने बापाच्या पिकअपची किल्ली उचलली आणि गाडी नेऊन आपेरिलाच्या खांबांच्या उघड्या घरात घातली. आपेरिला आत विणत बसली होती. खांब पडला, निम्मं छप्पर खाली आलं, म्हातारीचा पाय दोन ठिकाणी मोडला. पोलिसांना पोरीच्या खिशात बर्फाची पुडीही मिळाली. गावच्या पंचांनी आमच्याकडून डुकरं आणि डब्यातल्या माशांचे खोके दंड म्हणून घेतले, आणि कोर्टाची तारीख पडली.

तर त्या पहाटे एलिया बसला. मी रस्त्यापलीकडे उभी होते. सहा वाजले, कोंबडे आरवून दमले, आपेरिलाचा मुलगा दारात येऊन हाताची घडी घालून उभा राहिला आणि हलेना. शेवटी आतून, खाटेवरून, आपेरिलाच ओरडली, "अरे मेल्या, किती बघत बसणार आहेस? माझा एक पाय गेला, आता त्याचे दोन गुडघे घालवायचेत का? उचल ती चटई! आणि कोको चढव कुणीतरी!"

चटई उचलली गेली. सगळे रडले. मीही रडले, नाही कशाला म्हणू? भाषणं झाली, कोको झाला, आणि आपेरिलाच्या माणसांनी मोठ्या मनाने चटई आम्हाला परत दिली. एलियाने ती गुंडाळली, दोरीने बांधली आणि माझ्या खोलीतल्या पेटाऱ्यामागे उभी केली. आमच्या घरात उचललेली चटई पुढचं लग्न किंवा मयत होईपर्यंत उघडत नाहीत. उघडली तर दोष परत येतो, असं आजी म्हणायची.

त्यानंतर घरात जी शांतता पसरली ती मला मुळीच आवडली नाही. वायोलाला कुणी एका शब्दाने काही विचारलं नाही. एलिया तिच्याशी इतका गोड बोलायला लागला, जसं पाहुण्यांच्या मुलीशी बोलावं. ती दोन दिवस जेवायची नाही, मध्येच उगाच हसायची, दंडावरची खपली सोलत बसायची, आणि मग दीड दिवस झोपून काढायची. तेहतीस वर्षं मी पोरांचे डोळे वाचत आले आहे. मला ते निबंधापेक्षा लवकर वाचता येतात.

मी एलियाला म्हणाले, "पोरीचं लक्षण मला बरं दिसत नाही."

"ताई, ते संपलं."

"मी त्याबद्दल नाही म्हणत. पोरीबद्दल म्हणते."

"तेच ते," तो म्हणाला आणि अळूचे कंद खणायला निघून गेला.

कोर्टाला दहा दिवस असताना पेटाऱ्यामागून एक झुरळ निघालं. मग दुसरं. शास्त्राचा तास मीच घ्यायचे, दोषाबिषावर माझा काडीचा विश्वास नाही. पण झुरळांवर आहे. ती तलम वीण एका रात्रीत कुरतडून ठेवतात. मी दार लावलं, दोरी सोडली आणि चटई जमिनीवर पसरली. आतून शाळेच्या गणवेशातला एक पांढरा मोजा घरंगळला. मोज्यात काचेची नळी होती आणि बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची पुडी.

वायोला मागे कपडे धूत होती. मी मोजा तिच्यासमोर धरला.

"हे काय आहे?"

"माहितीये की तुला."

"ह्या चटईत? बाप गुडघे टेकून बसला त्या चटईत?"

"तिथं कोण बघणार होतं, आत्या?"

ते खरं होतं, म्हणूनच माझं डोकं फिरलं. मी हात उचलला. वर्गात मी पुष्कळांना हाणलंय, आता त्याची लाज वाटते, पण हाणलंय. प्रत्येक पोर मान आखडून घ्यायचं. हिने घेतली नाही. साबणाच्या पाण्यात हात तसेच ठेवून माझ्याकडे बघत राहिली. माझा हात आपोआप खाली आला.

"बाबांना सांगू नकोस," ती म्हणाली. "ते मरतील."

"ते नाही मरायचे. तुझं काय?"

"कोर्टात सुटले की मी आपोआप सोडीन. खरंच गं, आत्या. एकदा सुटू दे फक्त."

हे 'आपोआप' मी ओळखते. ते म्हणणारी पोरं गणितात चारदा नापास होतात.

पुडी मी मोरीत ओतली, नळी दगडाने फोडून पुरली. त्याने काही होत नाही हे मला कळत होतं. पण काहीतरी फोडायची फार इच्छा झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी बसने आपियाला गेले. कोर्टाने वायोलावर लक्ष ठेवायला नेमलेला अधिकारी तावीता, हा माझाच विद्यार्थी. आता सव्वीस वर्षांचा, पोट सुटलेलं, टेबलावर फायलींचा डोंगर.

"एका ओळखीच्या मुलीचं विचारायचंय," मी म्हणाले.

"किती ओळखीची, बाई?"

"गप्प बस आणि ऐक. समजा एखादी मुलगी अजून घेत असेल. आणि ते न्यायाधीशांना कळलं. तर?"

त्याने पेन खाली ठेवलं. "दोन गोष्टी होऊ शकतात. एक, न्यायाधीशबाई म्हणतील, इतकं होऊनही हिला समजत नाही, मग आत ठेवा. दोन, खटला उघडाच ठेवतील, उपचाराला पाठवतील आणि दर पंधरा दिवसांनी समोर बोलावून विचारतील."

"यातलं कुठलं होईल?"

"ते मला सांगता आलं असतं तर मी त्यांच्या खुर्चीत नसतो का बसलो?"

"आणि कळलंच नाही तर?"

"तर तारखेच्या गुरुवारी सुटेल. गावाने दंड घेतला, इफोगा झाला, म्हातारीने माफ केलं, पाद्रीबुवांचं पत्र आलंय. न्यायाधीशबाई मान देतात या सगळ्याला. सही करून मोकळं करतील."

"मग ते चांगलंच की."

तावीताने सगळ्यात वरची फाईल सरळ केली. मग म्हणाला, "मागच्या वर्षी मी अशाच एका सुटलेल्याच्या मयताला गेलो होतो, बाई. एकोणीस वर्षांचा. त्याचाही इफोगा फार झकास झाला होता."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. मला कोर्टाचं काही कळत नाही. पण शाळेचं कळतं. पोराला वर्गाबाहेर काढलं की ते बाहेर उभ्या असलेल्या इतर पोरांकडून शिकतं, आणि काय शिकतं ते आपल्याला पुढे दिसतं. तुरुंगात टाकलं तर वायोलाला तिथे बर्फ आणून विकणाऱ्यांच्या बहिणी भेटतील. आणि नुसतं पाठीवर हात फिरवून वरच्या वर्गात ढकललं, तर तेही मी पाहिलंय. ज्या पोरांना मी दया म्हणून ढकललं, त्यांनी मला कधी माफ केलं नाही. मधला एक रस्ता असतो, रोज बसवून विचारायचा, पण तो शिक्षकाला फार जड जातो. न्यायाधीशबाईंना तो झेपेल का, हे मला माहीत नव्हतं. आणि मी बोलले आणि बाईंनी पोरीला आत टाकलं, तर ते माझ्या तोंडाने झालेलं असणार होतं.

गुरुवार आला. कोर्टाची खोली लहान, वर एक पंखा, फिरताना खर्रखर्र करणारा. न्यायाधीशबाई पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात दोरीला. आपेरिलाला तिच्या मुलाने चाकाच्या खुर्चीवरून आणलं होतं. वायोला चर्चला घालायच्या पांढऱ्या पुलेतासीत, केस घट्ट बांधून, एखाद्या प्रार्थनामंडळातली वाटावी अशी. मी मांडीवर गुंडाळलेली चटई घेऊन बसले होते. बसमध्ये एलियाने विचारलं होतं, ही कशाला? मी म्हटलं, बाईंना दाखवायला. खोटं नव्हतं ते.

एलिया बोलला. माझा भाऊ बोलतो तेव्हा ऐकत राहावं असंच बोलतो. शेवटी म्हणाला, "आमच्या घराने मान खाली घातली, त्यांच्या घराने चटई उचलली. बाई, हे प्रकरण संपलेलं आहे." पाद्रीबुवांचं पत्र वाचलं गेलं. बाईंनी चष्मा लावला, कागद पुढे ओढला आणि रीत म्हणून विचारलं, "आणखी कुणाला काही बोलायचंय?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्यात गाव मताईपुढे झुकतं, पण मताई आपल्या बहिणीपुढे झुकतो. बहीण भर सभेत बोलली तर भावाने तिचा शब्द खोडायचा नाही, हा जुना करार आहे. म्हणून शहाणी बहीण भर सभेत तोंडच उघडत नाही. एकसष्ट वर्षांत मी एकदाही उघडलं नव्हतं.

मी उभी राहिले. मी दोरी सोडली आणि चटई कोर्टाच्या फरशीवर पसरली.

"बाई, हीच ती चटई. दहा दिवसांपूर्वी मी हिच्यात बर्फाची पुडी पाहिली. वायोला अजून घेते."

पंखा खर्रखर्र करत राहिला. एलियाकडे मी बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं.

"माझा भाऊ वाकला, माझा भाऊ बोलला, माझ्या भावाला माफी मिळाली. ती त्याला शोभते. पण या सगळ्यात पोरीला कुणी एक प्रश्न विचारला नाही. मीही नाही. तिला आत टाकू नका, पाया पडते. पण सोडूनही देऊ नका. विचारत राहा."

बाईंनी चष्मा काढला. "वायोला," त्या म्हणाल्या, "आत्या म्हणतात ते खरं आहे का?"

वायोलाने बापाकडे बघितलं. मताई बोलून झाल्यावर लेकराने तोंड उघडायचं नसतं. तिला आम्हीच तसं वाढवलंय, मी तर सगळ्यात जास्त. ती गप्प. बाईंनी पुन्हा विचारलं. ती गप्पच.

"इकडे बघ, माझ्याकडे," मी म्हणाले. "बापाकडे नको. मी सांगते, बोल."

"मंगळवारी घेतलं," ती फरशीकडे बघत म्हणाली. आवाज इतका बारीक की आपेरिलाने कानामागे हात धरला. "त्या पहाटेही घेतलं होतं. मी झोपले नव्हते. नीरफणसाच्या झाडामागे उभी होते. सगळं बघत होते." ती थांबली. "चटई उचलली तेव्हा सगळे रडले. सगळे म्हणाले, संपलं. पण चटईखाली मी कुठे होते? बाबा होते. बाबांचं संपलं. माझं नाही संपलेलं."

मग ती रडायला लागली. सुंदर नाही, नाक गळत, पुलेतासीच्या बाहीला पुसत.

"बाई, मी बोलू का?" आपेरिलाने बसल्या जागेवरून हात वर केला. परवानगीची वाट न बघता तिने बोलायला सुरुवात केली. "मी माफ केलं ते माझ्या पायाबद्दल. पुढचं मी काही माफ केलेलं नाही. पुढच्या वेळी खांबाखाली ही स्वतः असेल, मग कुणाचा मताई कुणाच्या दारात जाऊन बसणार?"

न्यायाधीशबाईंनी चष्मा पुन्हा लावला. मग त्यांनी तो सहीचा कागद बाजूला सारला.

"हा खटला मी बंद करत नाही," त्या म्हणाल्या. "वायोला, आठवड्यातून एकदा उपचाराला जायचं. दर दुसऱ्या गुरुवारी घरातलं एक मोठं माणूस घेऊन माझ्यासमोर यायचं. मी विचारीन, तू सांगायचं. घेतलं असलंस तर घेतलं म्हणून सांगायचं. घेतलंस एवढ्यासाठी मी तुला आत टाकणार नाही. माझ्याशी खोटं बोललीस तर मात्र विचार करावा लागेल. आणि आपेरिलाबाईंचा पाय बरा होईपर्यंत रोज त्यांची विणायची केवड्याची पानं उकळून, सोलून, वाळवून द्यायची. जमेल?"

"मला पानं सोलता येत नाहीत," वायोला म्हणाली.

"अगं बाई," आपेरिला म्हणाली. "म्हणजे शिक्षा मलाच झाली."

एलिया बसमध्ये माझ्याशी बोलला नाही. घरी आल्यावर बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बहिणीचा शब्द खोडायचा नाही एवढाच करार आहे, बहिणीशी बोललंच पाहिजे असं त्यात नाही. मी त्याच्यापुढे ताट ठेवायची, तो खायचा. मला फार लागलं ते. रात्री उशीत तोंड खुपसून रडले, म्हातारपणी. पण पुन्हा तीच वेळ आली असती तर पुन्हा तेच केलं असतं, हेही तितकंच खरं.

पंधरवडा उलटला. गुरुवारी पहाटे मी चांगले कपडे घालून बाहेर आले, तर दुरुस्त झालेली पिकअप सुरू होती. वायोला आत बसलेली, आणि चालवायला एलिया, इस्त्रीची लुंगी नेसून, कानामागे तेल लावून.

"घरातलं मोठं माणूस मी आहे," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. पंधरा दिवसांतलं पहिलं वाक्य. "तू चार वर्षांनी मोठी असलीस म्हणून काय झालं?"

कोर्टात काय झालं ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण संध्याकाळी तो माझ्या खोलीत आला, पेटाऱ्यामागची चटई उचलून पुढच्या खोलीत घेऊन गेला आणि खांबाला टेकवून ठेवली. ती आता तिथेच असते. पाहुण्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, पडोत.

रोज सकाळी, प्रार्थनेच्या आधी, एलिया चटईसमोर गुडघे टेकतो. दुखतात ते, बसताना तोंडातून आवाज निघतो. दोरी सोडतो, चटई उलगडतो, वरून हात फिरवतो. काही सापडावं म्हणून नव्हे, तिथे आता पोरगी काही ठेवणार नाही, एवढं त्यालाही कळतं. मग मान वर न करता वायोलाला विचारतो, "आज?"

वायोला सांगते. गेल्या चार महिन्यांत ती तीनदा "हो" म्हणाली आहे, त्यातलं एक परवाचं. त्या दिवशी एलिया तसाच खूप वेळ चटईवर हात ठेवून बसून राहिला. ओरडला नाही. "बरं," म्हणाला, "गुरुवारी बाईंना सांगू."

आज त्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आज नाही, बाबा." आणि त्याला गुडघ्यांवरून उठायला वेळ लागतो म्हणून चटईचं दुसरं टोक धरून तिनेच ती गुंडाळायला घेतली.